नॉटपेड फोटो

माझी आत्या कर्जत तालुक्यात, कशेळ्याहून खांडसकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका वाडीत राहते. काही वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या सुनेने घरामागच्या पडवीला लागून दोन खोल्या काढल्या आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडची माणसे राहायला येऊ लागली. तांदळाची भाकरी, पावसाळ्यात रानभाज्या, सांगून ठेवले तर गावठी कोंबडी. वेबसाइट मी करून दिली. माझा व्यवसायच तो आहे. एका पावसाळ्यात दोन दिवस राहून मी भाताच्या खाचरांचे, डोंगरावरून उतरणाऱ्या ढगांचे, घरामागच्या ओहोळाचे फोटो काढले आणि त्यातले अडतीस निवडून, होते तसे चढवून दिले. दादरच्या माझ्या कार्यालयात, वायफायवर, ते पान इतके देखणे दिसायचे की नवीन ग्राहक आला की नमुना म्हणून मी तेच दाखवायचो.

गेल्या जूनमध्ये वाडीला गेलो होतो. आत्याला म्हटले, खोल्यांचे भाडे बदलले आहे ना, दाखव, वेबसाइटवर बदलून टाकतो. तिने फोन हातात दिला आणि म्हणाली, "इथं नाय उघडत रे ते. विहिरीपाशी जा, तिथं रेंज येते." विहिरीपाशी गेलो. पांढरे पान, वर एक हिरवी पट्टी, मध्ये गोल गोल फिरणारे चक्र. बऱ्याच वेळाने पहिला फोटो वरून खाली पडद्यासारखा उलगडू लागला. ढग आले, डोंगराचे टोक आले, आणि तिथेच थांबले. आत्या मागून आली होती. ती सहज म्हणाली, "मी तर ते कधी पुरतं बघितलंच नाय."

वेबसाइट तिच्या घराची, तिच्या शेताची, तिच्या हातच्या भाकरीची. तीन वर्षे ती जगात सगळीकडे उघडत होती आणि तिच्या अंगणात उघडत नव्हती. त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून बसलो आहे: ज्या गावाची वेबसाइट आहे, त्या गावात ती उघडली पाहिजे. त्या गावात, तिथल्या माणसांच्या फोनवर, तिथल्या रेंजमध्ये. वेग, मांडणी, फोटोंची संख्या, अक्षरांचा आकार, हे सगळे निर्णय या एका अटीवरून ठरवता येतात आणि ठरवले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. आमच्या धंद्यात वेग हा शेवटी करायच्या डागडुजीचा विषय समजला जातो. आधी सुंदर करू, मग हलके करू. मला हा क्रम चुकीचा वाटतो, आणि का वाटतो ते समजायला आधी फोटो मुळात जड कशाने होतो ते पाहावे लागेल.

साधा बारा मेगापिक्सेलचा फोन घ्या. त्याच्या फोटोत आडवे ४,००० आणि उभे ३,००० बिंदू असतात, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख. बहुतेक फोनचा पडदा उभा धरला तर १,०८० बिंदू रुंद असतो. तोच फोटो त्या रुंदीत बसवला की दिसतात फक्त पावणेनऊ लाख बिंदू. उरलेले, म्हणजे चौदातले जवळजवळ तेरा, हवेतून ओढून आणायचे, फोनने ते उलगडायचे आणि टाकून द्यायचे. घरात एक वाटी तांदूळ शिजवायचे म्हणून कोणी गिरणीवरून पोते उचलून आणत नाही.

पण बिंदूंची संख्या ही अर्धीच गोष्ट झाली. फोटो साठवायची जी जेपेग पद्धत आपण सगळे वापरतो ती १९९२ साली प्रमाण म्हणून ठरली. तिच्या पोटातले गणित त्याच्या बरेच आधीचे. बंगळुरूत जन्मलेले आणि तेव्हा अमेरिकेत प्राध्यापक असलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह ते जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. आज जगभर रोज जे अब्जावधी फोटो इकडून तिकडे जातात, त्यांच्यामागे या तिघांचे काम आहे, आणि आपल्याकडे शाळेतल्या मुलांना त्यांची नावेही माहीत नसतात याची मला खंत वाटते. पद्धत थोडक्यात अशी: फोटोचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात उजेड किती झपाट्याने बदलतो ते मोजायचे, आणि जे बदल इतके बारीक असतात की डोळ्याला कळत नाहीत ते सोडून द्यायचे. डोळा उजेडातला फरक चटकन पकडतो, रंगातला फरक तितका पकडत नाही, म्हणून रंगाची माहिती आणखी कमी ठेवायची.

आता चुना लावलेल्या भिंतीचा फोटो घ्या. चौकोनामागून चौकोन सारखेच, सांगण्यासारखे काही नाही, फाइल हलकी. मोकळ्या आभाळाचेही तेच. आणि श्रावणातले भाताचे खाचर घ्या. प्रत्येक चौकोनात पात्यांच्या पाच-सहा कडा, प्रत्येक पात्यावर उजेडाची वेगळी रेघ, मध्ये पाण्याची चमक. गणिताला टाकून देण्यासारखे फारसे काही सापडत नाही. धबधब्याचे तुषार त्याहून अवघड. त्यात पावसाळ्यात उजेड कमी, त्यामुळे फोन जो फोटो काढतो त्यात बारीक दाणे येतात, आणि हे दाणेसुद्धा तपशील आहेत असे समजून पद्धत ते जपून ठेवते. म्हणून एकाच फोनने, एकाच आकाराचे दोन फोटो काढले, एक पुण्यातल्या हॉटेलच्या खोलीचा आणि एक कर्जतच्या पावसाळी शेताचा, तर शेताचा फोटो दुप्पट-तिप्पट जड होऊ शकतो. आपला मुलूख ज्यासाठी ओळखला जातो, ज्याच्या ओढीने माणसे येतात, तेच नेमके हवेतून पाठवायला सगळ्यात जड आहे. आणि ज्या महिन्यांत ती यायला निघतात त्या महिन्यांत इथली वीज जाते, टॉवर बंद पडतात, रेंज सगळ्यात वाईट असते.

आत्याच्या वेबसाइटवरचा एकेक फोटो सरासरी पाच एमबीचा होता. अडतीस फोटो म्हणजे १९० एमबी. रोज दीड जीबीचा रिचार्ज असलेल्या माणसाच्या त्या दिवसाच्या डेटाचा आठवा हिस्सा एका वेबसाइटने खायचा. आणि त्याचा दिवसाचा डेटा संपलेला असेल तर? बहुतेक प्लॅनमध्ये त्यानंतर वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. या वेगाने पाच एमबीचा एक फोटो यायला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. पहिल्याच पडद्यावर आपोआप सरकणारे पाच मोठे फोटो मी लावले होते, ते सगळे यायला पाऊण तासाहून अधिक. याउलट तीनशे शब्दांचा मराठी मजकूर घ्या. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, मात्रा, वेलांटी संगणकात तीन-तीन बाइट घेते, तरी सगळे मिळून सहा-सात केबी होतात. तो त्याच मंद वेगानेही एका सेकंदाच्या आसपास पोचतो. रस्ता कसा, भाडे किती, जेवण काय, फोन कोणाला करायचा, हे सगळे तीनशे शब्दांत मावते. ज्याला ते हवे होते त्याला मी आधी ढग दाखवत होतो.

माझ्या आजोबांच्या बोलण्यात 'नॉटपेड' हा शब्द यायचा. तिकीट न लावता टाकलेले पत्र पोस्टमन घेऊन यायचा, आणि ज्याला पत्र आले त्याला दुप्पट पैसे भरून ते सोडवून घ्यावे लागायचे. नॉटपेड पत्र पाठवणारा माणूस एक तर अगदी अडलेला असायचा, नाही तर बेपर्वा. न कापता, न दाबता वेबसाइटवर चढवलेला फोटो हे असे नॉटपेड पत्र आहे. चढवणाऱ्याला त्याचा काही खर्च नाही. दहा चढवा की शंभर, होस्टिंगचे वार्षिक पैसे बहुधा तेवढेच. खर्च पडतो उघडणाऱ्याला: त्याचा डेटा, त्याची बॅटरी, त्याची मिनिटे. शिवाय हा खर्च सगळ्यांना सारखा पडत नाही. नवा फोन आणि चांगली रेंज असलेल्याला तो जाणवतही नाही. ज्याचा फोन जुना आणि गाव डोंगराआड, त्याला दामदुप्पट.

छपाईच्या काळात हा हिशेब उलटा होता. मासिकात चित्र किंवा फोटो घालायचा तर जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागायचा, आणि ब्लॉकवाला चौरस इंचाच्या हिशेबाने पैसे घ्यायचा. म्हणून संपादक फोटो हातात धरून विचार करायचा: हा लागतोच आहे का? लागत असेल तर कडेचे झाड कापले तर चालेल का? दोन कॉलम की एक? पैशांची अडचण होती, पण त्या अडचणीतून निवड घडत होती. तो काळ परत यावा असे मी म्हणत नाही. तेव्हा वाडीतल्या बाईला स्वतःच्या घराचा एक फोटोही छापून आणता आला नसता. मी एवढेच म्हणतो की ब्लॉकचे पैसे संपादकाच्या खिशातून जात होते, म्हणून तो विचार करत होता. आज तो विचार आपण आपल्या मनाने केला पाहिजे, कारण खिसा दुसऱ्याचा आहे.

आपल्याच खंडाळ्याच्या घाटाच्या माथ्यापलीकडे, मळवलीला, काय ठेवायचे आणि काय सोडायचे या निवडीचे एक मोठे उदाहरण होऊन गेले आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि १८९९ मध्ये तो मळवलीला हलवला. मूळ तैलचित्रे राजवाड्यांच्या भिंतींसाठी होती. ती शिळेवर उतरवून, एकेका रंगाला वेगळी शिळा करून, कागदावर छापली गेली तेव्हा लक्ष्मी आणि सरस्वती साध्या घरांच्या भिंतींवर पोचल्या. त्या छपाईत मूळ रंगातले बरेच काही गळले हे खरे. कलेचे जाणकार त्यावर नाके मुरडत आले आहेत. पण भिंतीवर मावेल, हातात धरता येईल, विकत घेता येईल असे चित्र करणे हे हलके काम नव्हते. शिळेवर काम करणाऱ्या कारागिराला कोणती छटा ठेवायची आणि कोणती सोडायची हे रोज ठरवावे लागत होते. फोटो लहान करून, दाबून, पाहणाऱ्याच्या पडद्याएवढा करून पाठवणे हे त्याच परंपरेतले काम आहे असे मी मानतो. त्याला कोणी तांत्रिक साफसफाई म्हटले की मला वाईट वाटते.

यावर पहिला आक्षेप माझ्याच क्षेत्रातले मित्र घेतात. ते म्हणतात, तुझ्या आत्याने तिची वेबसाइट बघायची गरज काय? ग्राहक मुंबईचा आहे. त्याच्याकडे फाइव्ह-जी आहे. त्याला मोठे, झकास फोटो दाखव.

हा ग्राहक नेमका कुठे बसून वेबसाइट उघडतो ते मी पाहिले आहे. कार्यालयात त्याला वेळ नसतो. तो ती उघडतो संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये, उभ्याने, बदलापूर सुटल्यावर, वांगणी-शेलूच्या मोकळ्या पट्ट्यात, जिथे एका डब्यातले शेकडो फोन एकाच टॉवरकडे मागणी करत असतात. पुण्याकडून येणारा ती उघडतो खंडाळ्याचा घाट उतरताना, बोगद्यात शिरता-निघता. आणि सगळ्यात महत्त्वाची वेळ येते शनिवारी दुपारी, कशेळ्याच्या नाक्यावर. गाडीत मुले कंटाळलेली, पाऊस पडतोय, पुढे डावीकडे वळायचे की सरळ जायचे ते कळत नाही, आणि वेबसाइटवर लिहिलेला रस्ता बघायचा असतो. त्या क्षणी मुंबईचा ग्राहक आणि माझी आत्या एकाच टॉवरच्या भरवशावर असतात. तिच्याकडे जे उघडत नाही ते त्याच्याकडेही उघडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि डेटा इतका स्वस्त झाला की केबी मोजण्यात आता अर्थ उरला नाही, असे म्हणतात. डेटा स्वस्त झाला, त्याने गावे बदलली, हे मी रोज बघतो. पण स्वस्त म्हणजे पोचणारा असे होत नाही. माथेरानच्या डोंगराआड, भीमाशंकरच्या पायथ्याशी, खालापुरातल्या डोंगरउतारावरच्या ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांत फोन आहेत, रिचार्ज आहेत, आणि रेंज एखाद्या आंब्याखाली किंवा शाळेच्या पायरीवर आहे. शिवाय फोनचे म्हणून एक वेगळे ओझे असते. जेपेग दाबून पाच एमबीचे झाले तरी पडद्यावर दाखवताना फोनला ते पुन्हा पूर्ण उलगडावे लागते. एका बिंदूला चार बाइट धरले तर १ कोटी २० लाख बिंदूंचे ४८ एमबी होतात. असे दहा फोटो एका पानावर आले की दोन जीबी मेमरीचा जुना फोन हँग होतो, मग रेंज कितीही चांगली असो. फाइल दाबल्याने हे ओझे कमी होत नाही. ते कमी होते फक्त फोटोची लांबी-रुंदी कमी केल्याने.

मग उपाय म्हणून दुसरी माणसे सांगतात, चांगला सर्व्हर घे, मुंबईत प्रत ठेवणारी सेवा घे. कर्जतमध्ये वाढलेल्या कोणालाही यातला मुद्दा चटकन कळेल. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, त्यांना मागून बँकर इंजिने लागतात, आणि मग त्या सदतीस फुटांना एक फूट असा चढ चढून घाटमाथ्यावर जातात. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हापासून चढ तोच आहे. बँकर लावावेच लागतात, कारण गाडीत माणसे आहेत आणि चढ सोपा करायचा म्हणून निम्मी माणसे कर्जतला उतरवता येत नाहीत. वेबसाइटचे तसे नाही. तिच्यातले चौदातले तेरा बिंदू कर्जतलाच उतरवता येतात, कोणाचेही काही बिघडत नाही. ते उतरवल्यानंतर जवळचा सर्व्हर जरूर घ्यावा, त्याचा उपयोग होतो. पण रिकाम्या पोत्यांनी भरलेल्या गाडीला बँकर लावण्याची घाई आधी का करायची? तसेही मुंबईतला सर्व्हर कितीही वेगवान असला तरी शेवटचे दोन किलोमीटर, टॉवरपासून विहिरीपर्यंतचे, त्याच्या हातात नसतात.

आत्याची वेबसाइट मी नव्याने केली तेव्हा काय काय केले ते सांगतो, कारण हा भाग अनेकांना अवघड वाटतो आणि तो तसा नाही. प्रत्येक फोटोच्या तीन प्रती केल्या, लहान, मधली आणि मोठी, आणि ब्राउझरला तिन्हींची रुंदी सांगून ठेवली. पडदा बघून कोणती मागवायची ते तो स्वतः ठरवतो. ही सोय ब्राउझरांत कित्येक वर्षे आहे. प्रती वेबपी या प्रकारात साठवल्या. हा प्रकार गूगलने २०१० मध्ये आणला आणि त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा तो पाव ते एक तृतीयांश हलका पडतो. आता सगळे चालू ब्राउझर तो ओळखतात. भाताच्या फोटोत मला दर्जा थोडा आणखी उतरवता आला, कारण दाट हिरव्या पात्यांत डोळ्याला फरक शोधता येत नाही. आत्याच्या चेहऱ्याच्या फोटोत तो उतरवला नाही. पाच एमबीचे फोटो दीडशे ते दोनशे केबीवर आले. खालचे फोटो माणूस खाली सरकल्यावरच मागवले जातील असे केले. हे २०१९ पासून एका शब्दाच्या सूचनेने करता येते. पहिल्या फोटोला मात्र ही सूचना द्यायची नसते, तो तर लगेच हवा असतो. ही चूक मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

आणखी एक साधी गोष्ट, जिच्याकडे फार दुर्लक्ष होते. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवावी, म्हणजे फोटो यायच्या आधी त्याची जागा राखली जाते. नाही तर माणूस 'रस्ता' या शब्दावर बोट ठेवायला जातो, तेवढ्यात वर कुठला तरी फोटो येतो, सगळे खाली ढकलले जाते आणि बोट पडते 'बुकिंग'वर. वयस्क माणसे याने घाबरतात. आपण काही तरी बिघडवले असे त्यांना वाटते. माझ्या आईला मी असे फोन खाली ठेवून देताना पाहिले आहे.

आपोआप सरकणारी फोटोंची पट्टी मी काढून टाकली. ती का लावली होती याचा विचार केला तेव्हा उत्तर मिळाले की कोणता फोटो पहिला ते मला ठरवता आले नव्हते. पाच लावले म्हणजे ठरवायचे टळले. अक्षरांसाठी मी एक देखणा देवनागरी फाँट तीन वजनांत वापरला होता. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फाँटमध्ये शेकडो आकार असतात आणि फाइल रोमनपेक्षा बरीच जड होते. आता मथळ्याला एक फाँट आणि मजकुराला फोनमध्ये असलेलीच देवनागरी. अक्षरे आधी दिसतात, फोटो मागून येतात.

सगळ्यात जास्त राग मला अक्षरांच्या फोटोंचा येतो, आणि हा दोष कर्जत-खालापुरातल्या पर्यटनाच्या धंद्यात सगळीकडे आहे. भाड्याचा तक्ता फोटोत. जेवणाची यादी फोटोत, मागे सूर्यास्त. नियम फोटोत. कोणी तरी व्हॉट्सॲपसाठी केलेला पोस्टर तसाच चढवलेला. सहा केबीचा मजकूर अशाने एक एमबीचा होतो, मोठा करून वाचता येत नाही, शोधला तर सापडत नाही, आणि अंध माणसाचा फोन जो मजकूर वाचून दाखवतो तो या ठिकाणी मुका होतो. याची एक बाजू जिवावरची आहे. दर पावसाळ्यात आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या धबधब्यांवर आणि धरणांवर जायला प्रशासन बंदी घालते, कारण दर पावसाळ्यात तिथे माणसे बुडतात. हे आदेश लोकांपर्यंत पोचतात ते बहुतेक वेळा सही-शिक्क्याच्या कागदाच्या फोटोतून. ज्याला ते वाचायची गरज आहे तो त्या वेळी भिवपुरीला किंवा खोपोलीला उतरलेला असतो, रेंज एक काडी, आणि कागदाचा फोटो अर्धा उलगडून थांबलेला असतो. तोच आदेश चार ओळींत टाइप करून, धबधब्याचे नाव आणि तारखा लिहून दिला तर सेकंदात पोचेल. पर्यटनाच्या प्रत्येक वेबसाइटने पावसाळ्यात या चार ओळी अगदी वर लिहाव्यात, पहिल्या फोटोच्याही वर. त्याने ग्राहक घटतील असे म्हणणाऱ्या मालकांशी मी बोललो आहे. मला त्यांचे पटत नाही.

फोटो हलके करून भागत नाही, ते कमीही करावे लागतात, आणि इथे कोणते ठेवायचे हा खरा प्रश्न येतो. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या दहा फार्महाउसच्या वेबसाइट शेजारी शेजारी उघडून पाहा. पोहण्याचा निळा तलाव, ड्रोनवरून काढलेले हिरवे डोंगर, शेकोटी, पांढऱ्या चादरीची खाट. नावे झाकली तर कोणती कुणाची ते ओळखता येणार नाही. इतके फोटो लावूनही जागा दिसत नाही. येणाऱ्या माणसाला बघायचे असते ते वेगळेच: शेवटच्या वळणावरची खूण, गाडी कुठपर्यंत जाते, पावसात त्या रस्त्याची अवस्था, संडास-बाथरूम, खोलीला किती पायऱ्या, कारण सोबत गुडघे दुखणारी आई आहे. हे फोटो कोणी लावत नाही, कारण ते सुंदर नसतात. मी आत्याच्या पानावर पहिला फोटो लावला तो वडाचा, जिथे डांबरी रस्ता सोडायचा. दुसरा पायऱ्यांचा. भाताचे खाचर तिसरे, आणि त्याखाली महिना लिहिला, कारण मे महिन्यात येणाऱ्याला तिथे धसकटे आणि करपलेली जमीन दिसणार आहे. ती जमीनही मी लावली. तिचाही एक रंग आहे, आणि पावसाची वाट बघणारी जमीन ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांनी ती पाहावी असे मला वाटते.

मोठ्या फोटोला जागाच नाही असे माझे म्हणणे नाही. कोंदिवड्याजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात चैत्याच्या दर्शनी भागावर लाकूडकामासारखे खोदकाम आहे, आणि एका भंगलेल्या मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे, कान्हाचा शिष्य बलक याने हे केले असे सांगणारा. तो लेख अक्षर न् अक्षर वाचायचा तर पूर्ण आकाराचा, फारसा न दाबलेला फोटो हवाच. तिथे लहान प्रत दाखवावी आणि खाली लिहावे: मोठा फोटो, आठ एमबी. ज्याला हवा तो बोट ठेवील, आणि किंमत माहीत असून ठेवील. विचारून पाठवलेल्या पत्राला नॉटपेड म्हणत नाहीत.

नवे पान झाल्यावर मी ते मुंबईत कोणाला दाखवले नाही. ऑगस्टमध्ये वाडीला गेलो. पाऊस लागून राहिला होता, वीज गेलेली होती. आत्या चुलीपुढे बसली होती. विहिरीपाशी न जाता तिथेच तिच्या फोनवर पान उघडले. अक्षरे आली. वडाचा फोटो यायला थोडा वेळ लागला, पण आला. तिने ओले हात पदराला पुसले आणि फोन घेतला. बोटाने हळूहळू सरकवत ती प्रत्येक ओळ वाचत होती, मनातल्या मनात ओठ हलवत. तांदळाच्या भाकरीशी थांबली. सुनेला हाक मारली, दोघींनी मिळून पायऱ्या पाहिल्या. मग भाताचा फोटो आला आणि ती एकदम वर बघून म्हणाली, "अरे, हे खाचर आपलं नाय. हे शेजाऱ्यांचं. आपलं बांधाच्या पलीकडं. तीन वर्सं तू लोकांना त्यांचं शेत दाखवतोस व्हय?"

पाऊस जरा थांबल्यावर आम्ही दोघे बांधावर गेलो. तिने मला कुठे उभे राहायचे ते सांगितले.